मुडपलेली कड

मास्तरांना साक्षीसाठी न्यायला कंपनीची गाडी दारात उभी होती, आणि ते आत बायकोची चड्डी ओली आहे का ते बघत होते.

गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून तिचा खुबा मोडला होता. पाय उचलायचा नाही, वाकवायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. जिभेला मात्र कसलीच ताकीद नव्हती. मास्तरांनी त्या एकदा वापरून टाकायच्या चड्डीची बाजूची शिवण दोन बोटांत धरून ओढली, चर्र झालं आणि बाजू मोकळी झाली. आत कोरडं होतं. त्यांनी कडेवर कड ठेवून तळव्यानं दाबली आणि चड्डी पुन्हा होती तशी झाली. ना पाय उचलावा लागला, ना तिला कुशीवर वळावं लागलं.

"किती सोयीचं केलंय, नाही हो," बायको छताकडे बघत म्हणाली. "कुणाची ही शिवण?"

"कुणाची म्हणजे? कुणालाही सुचली असती अशी आहे."

"मग तुम्हाला का नाही सुचली?"

मास्तरांनी पांघरूण सारखं केलं, सोबतीला आलेल्या शेजारच्या वहिनींना औषधाची वेळ सांगितली आणि बूट घातले. सकाळी सकाळी वाद घालायला त्यांना उसंत नव्हती.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. अशा चड्ड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत ते शिवण खात्याचे मुख्य होते आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या खात्यात सुई नव्हती आणि दोराही नव्हता. एका टोकाला मऊ कापडाचे भलेमोठे रोल, दुसऱ्या टोकाला पटापट पडणाऱ्या चड्ड्या, आणि मध्ये आगगाडीच्या डब्याएवढं लांब मशीन. कापड धावता धावताच दुमडलं जाई, पुढच्या भागाची कड मागच्या भागाच्या कडेवर बरोबर बसे, वरून तापलेला जबडा पडे, आणि शिवण तयार. दाबलेल्या त्या दोन कडा चिमटीत धरल्यासारख्या बाहेर उभ्या राहत. खात्यात त्यांना 'कान' म्हणत. चड्डी काढायची म्हणजे हे कान फाडायचे, आणि एकदा कान फाटले की चड्डी कचऱ्यात. आत कोरडं होतं की ओलं, हे फाडल्यावरच कळायचं.

उघडून पुन्हा बंद करता येईल अशी शिवण सगळ्या धंद्याला हवी होती. मास्तरांना तर तिचा ध्यासच लागला होता. तापवून चिकटवण्याऐवजी कानांच्या आत आकड्यांची पट्टी लावायची, चपलांना आणि दप्तरांना असते तशी, एका बाजूला बारीक आकडे आणि दुसऱ्या बाजूला मऊ लव. कल्पना फर्मास होती. पण माणूस खाली बसला, पोट जरा पुढे आलं, की कान आपोआप सोलला जायचा आणि पट्टी चर्र करून सुटायची. मास्तरांनी पट्टी रुंद केली, आकडे दणकट केले, मग ते कातडीला ओरबाडायला लागले म्हणून पुन्हा मऊ केले. मशीनला नाना अवजारं जोडली आणि काढली. केस पांढरे झाले, शिवण काही धरेना. शेवटी निवृत्तीचा हार गळ्यात पडला तेव्हा मास्तरांनी भाषणात सांगूनही टाकलं, की ही गोष्ट होण्यातली नाही.

आणि मग टाचणीनं ती करून दाखवली.

टाचणी त्यांच्या हाताखाली वाढलेली. बाहीला नेहमी दोन-तीन टाचण्या टोचलेल्या, आणि प्रश्नही तसेच टोचणारे, म्हणून खात्यानं ठेवलेलं हे नाव. मास्तरांच्या घरी जेवायला बसायची, बायकोला काकू म्हणायची, जाताना ओट्यावरची भांडीही घासून जायची. मास्तर निवृत्त झाल्यावर तिनं नोकरी सोडली, गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं आणि या शिवणीचं पेटंट मिळवलं. मग कंपनीनं सरळ तीच शिवण उचलून आपल्या चड्ड्यांना लावली. टाचणीनं दावा केला. त्यावर कंपनीचं उत्तर असं, की यात शोध कसला आलाय, ही तर उघड गोष्ट आहे, तेव्हा पेटंटच रद्द करा. पेटंट गेलं की टाचणीची शेडही जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तिच्याकडे विकायला दुसरं काहीच नव्हतं.

'उघड आहे' असं शपथेवर सांगायला कंपनीला माणूस हवा होता. तो मान मास्तरांना मिळाला. मोठे साहेब स्वतः घरी आले, हातात हात घेऊन म्हणाले की या धंद्यात तुमच्या शब्दाच्या वर कुणाचा शब्द आहे? निवृत्त माणसाला असं कुणी विचारत नाही. त्याला दूध संपलंय का, एवढंच विचारतात. मास्तर पाघळले आणि त्यांनी तसं लिहून दिलं.

पण ते खोटं बोलले असंही नाही. टाचणीची शिवण त्यांनी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता. दोन्ही कान बाहेर उभे ठेवण्याऐवजी तिनं एक कड आत मुडपली होती आणि दुसरी तिच्यावर सपाट बसवली होती, सदऱ्याच्या बटणपट्टीसारखी. झालं. आता पोट पुढे आलं की पट्टी सोलली जात नव्हती, सपाट ताणली जात होती, आणि सपाट ताणलेली आकड्यांची पट्टी सहसा सुटत नाही. एवढंच होतं. या 'एवढंच'चा त्यांना इतका राग आला की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळ होईपर्यंत 'एवढंच'चं 'कुणालाही सुचलं असतं' झालं होतं, आणि मास्तरांना ते मनापासून पटलंही होतं.

पेटंट कार्यालयातली सुनावणीची खोली लहानशी होती. लांब टेबल, पाण्याचे जग, भिंतीवर अडखळत चालणारं घड्याळ. टेबलाच्या टोकाशी अधिकारी बसले होते, जाड चष्म्याचे आणि कमी बोलण्याचे. एका बाजूला कंपनीचे उंच, भारदस्त आवाजाचे वकील, दुसऱ्या बाजूला टाचणीची वकीलबाई. बाईंना सडकून सर्दी झाली होती, नाक लाल, हातात रुमालांचा गठ्ठा. त्यांच्या शेजारी टाचणी बसली होती. मास्तर आत आले तशी ती सवयीनं उठून उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती हळूच खाली बसली. मास्तरांनी पाण्याच्या जगाकडे पाहिलं.

पहिला तास मास्तरांचाच होता. कंपनीच्या वकिलांनी दोन जुने कागद पुढे ठेवले. एकात कान असलेली चड्डी होती, दुसऱ्यात आकड्यांच्या पट्टीनं बांधायचा बाळाचा लंगोट. दोन्ही कागद टाचणीच्या पेटंटाच्या कितीतरी आधीचे. हा कागद आणि तो कागद एकत्र केला की ही शिवण तयार होते, खरं ना? खरं, मास्तर म्हणाले. आणि ते एकत्र करणं या धंद्यातल्या साधारण जाणकार माणसाला सहज सुचलं असतं? सहज, मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज खणखणीत लागला होता. समोर टाचणी वहीत काहीतरी गिरवत होती, मान खाली.

हा 'साधारण जाणकार माणूस' कायद्यानं कल्पनेनं घडवलेला आहे. धंद्यातले सगळे कागद त्यानं वाचलेले असतात, सगळी अवजारं त्याला चालवता येतात, फक्त नवं काही सुचायची त्याला मनाई असते. अशी माणसं मास्तरांनी खात्यात बरीच पाहिली होती. काहींना तर त्यांनीच बढती दिली होती.

मग वकीलबाई उठल्या. आधी दोनदा शिंकल्या, माफी मागितली, आणि विचारलं की मास्तर, तुम्ही स्वतः साधारण जाणकार की त्याहून वरचे? मास्तर हसले, म्हणाले ते लोकांनी ठरवावं. कंपनीचे वकीलही कौतुकानं हसले. बाईंनी जोर केला नाही. त्यांनी एक कागदी पिशवी टेबलावर रिकामी केली. चड्डीचा पुढचा भाग, मागचा भाग, आकड्यांच्या पट्ट्या, लवेच्या पट्ट्या, मागे गोंद लावलेल्या. शेवटी पिशवीतून आली एक रबरी कंबर, नळी जोडलेली, हवा भरली की पोट फुगणारी. मास्तरांनी ती लगेच ओळखली. तशीच कंबर त्यांच्या खात्यात कपाटावर बसलेली असायची. तिच्यावर चढवलेल्या कितीतरी चड्ड्या त्यांनी उघडताना पाहिल्या होत्या.

"तुम्ही शपथेवर सांगितलंय तेवढंच करा," बाई म्हणाल्या. "हे दोन कागद समोर ठेवा आणि एक बाजू जोडून दाखवा. घाई नाही."

कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली, की हा काही हस्तकलेचा वर्ग नाही. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून मास्तरांकडे पाहिलं आणि विचारलं, जमेल ना? असं मास्तरांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी कोटाच्या बाह्या मागे सारल्या.

हात कामाला लागले तसं त्यांना बरं वाटलं. मागचा भाग टेबलावर अंथरला, कडेवरून अंगठा फिरवला, पुढचा भाग त्यावर ठेवला, कडेला कड लावली. केसाचाही फरक नाही. पट्ट्या चिकटवल्या, कान दाबला. मग पहिल्या कागदात होतं तसं झालंय ना, ते पडताळून पाहिलं. समोर वकीलबाई रुमाल नाकापाशी धरून तशाच थांबल्या होत्या, शिंक अर्ध्यावर अडकल्यासारख्या. टाचणीनं गिरवणं थांबवलं होतं.

चड्डी कंबरेवर चढली. बाईंनी पंप दाबायला सुरुवात केली. पोट हळूहळू फुगू लागलं, कान ताणला गेला, त्याचं टोक जरासं उकललं. खोलीत पंपाच्या फुसफुशीशिवाय आवाज नव्हता. मास्तरांना कळून चुकलं होतं, तरी वेड्या आशेनं ते मनात म्हणत होते, धर, धर. चर्र झालं आणि कान वरपासून खालपर्यंत उघडला.

"असं होणारच," मास्तर घाईनं म्हणाले. "इथे एक कड आत घ्यायला हवी."

बाईंनी विचारलं की ते या दोन कागदांत कुठे लिहिलंय. मास्तरांनी कागद उलटे-सुलटे केले. त्यांना ते पाठ होते, तरी केले. लिहिलेलं नाही, ते म्हणाले, पण इथवर आलेला कुणीही माणूस कड आत घेईलच.

"कुणीही घेईल," बाई म्हणाल्या. "मास्तर, मी दिलेल्या मागच्या भागाची कड आधीच आत मुडपलेली होती. तुम्ही ती सरळ केलीत."

"मी? छे."

"केलीत," टेबलाच्या टोकाकडून अधिकारी म्हणाले. "अंगठ्यानं. मी पाहिलं."

मास्तरांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यांना काहीही आठवत नव्हतं. त्यांनी हात टेबलाखाली घेतला. का केली सरळ, असं बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, आणि मास्तरांच्या तोंडून विचार करायच्या आत उत्तर निघून गेलं.

"मुडप होती ना."

मुडप म्हणजे काय ते जरा समजावून सांगाल का, असं म्हणून बाई खाली बसल्या, आणि मास्तरांना सांगावंच लागलं. मुडप म्हणजे दोष. धावत्या कापडाची कड कधी कधी हवेनं आत वळते, जबडा तिच्यावर तसाच पडतो, शिवण वाकडी येते, कधी सगळं कापड गुंडाळलं जाऊन मशीन अडतं. म्हणून कड आत वळू द्यायची नाही, आणि वळली तर दिसताक्षणी सरळ करायची. खात्यात नवीन माणूस आला की पहिला धडा हाच. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, 'कड सरळ ठेवा'. कुणी लिहिलं होतं? मीच, मास्तर म्हणाले. आणि तरीही मुडपलेल्या चड्ड्या निघाल्या तर? लाल डब्यात. लाल डब्यात म्हणजे? कचऱ्यात.

हे सगळं आपल्याच तोंडून बाहेर पडताना ऐकून मास्तरांच्या अंगाला घाम फुटला. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. अधिकाऱ्यांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

व्हरांड्यात कंपनीचे वकील त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले. साक्ष अर्धवट असताना मला तुमच्याशी प्रकरणाबद्दल बोलता येत नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. हवापाण्याचं बोलले. जाताना मात्र म्हणाले की माझा फक्त एकच प्रश्न उरलाय, मास्तर, आणि तो अवघड नाही. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

मास्तर जेवायला गेले नाहीत. त्यांनी कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. वहिनींनी तो बायकोच्या कानाला धरला.

"मी कड सरळ केली," मास्तर म्हणाले. आणि सगळं सांगितलं.

बायको आधी हसली. हसल्यावर खुबा दुखतो म्हणून कण्हली, आणि पुन्हा हसली. "अहो, तुम्ही वर्तमानपत्राची कड सरळ करता. उशीच्या अभ्र्याची करता. सकाळी जाताना माझ्या पांघरुणाची केलीत. लग्नाच्या फोटोत तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात, टेबलावरच्या चादरीकडे बघताय." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "पोरगी कशी दिसतेय?"

"वाळलीय."

"आता काय सांगणार तुम्ही?"

"माहीत नाही."

बरं, लवकर या, वहिनींना ते बाजूचं उघडणं-लावणं जमत नाहीये, असं म्हणून तिनं फोन ठेवला. ती अशीच होती. सल्ला द्यायचा असला की कामं सांगायची.

मास्तर व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. एक गोष्ट त्यांनी फोनवर सांगितली नव्हती. आजवर कुणालाच सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे हेच त्यांना आत्ता, घाम फुटल्यावर कळलं होतं. फार पूर्वीची एक दुपार. टाचणी खात्यात नवीन होती. कामाची पाळी संपल्यावर ती लाल डब्यापाशी उकिडवी बसलेली त्यांना दिसली. मांडीवर एक मुडपलेली चड्डी घेऊन दोन्ही हातांनी ताणून बघत होती. "मास्तर," ती म्हणाली होती, "हिच्यावर आपली पट्टी सुटत नाहीये बघा." त्या दिवशी चाचणीच्या पट्ट्या मशीनवर होत्या आणि मुडपलेला माल पट्टीसकट डब्यात गेला होता. मास्तरांनी चड्डी तिच्या हातातून घेतली होती, डब्यात टाकली होती आणि म्हणाले होते, "कचऱ्याला काय बघतेस? जा, हात धू." त्यांच्या बाजूला उभे असलेले सगळे हसले होते. मास्तरही हसले होते.

म्हणजे शिवण त्यांच्या हातात आली होती. नुसती सुचायची नव्हती, तयार होऊन हातात आली होती, आणि त्यांनी ती फेकून दिली होती. उभं आयुष्य जिचा पाठलाग केला ती रोज त्यांच्याच खात्यातून, त्यांच्याच हुकमानं, कचऱ्यात जात होती. मास्तरांना रडू आलं. बाकावर बसून, परक्या लोकांची ये-जा चालू असताना, ते रुमालात तोंड खुपसून रडले, आणि मग नाक पुसून रुमालाची घडी घातली.

टाचणीनं आपल्या अर्जात ही गोष्ट लिहिली नव्हती. मास्तरांनी तो अर्ज ओळ न् ओळ वाचला होता. आता ती ठाऊक असलेली दोनच माणसं त्या खोलीत होती, आणि त्यांतलं एक बोलणार नाही असं दिसत होतं. दुसऱ्यानंही तोंड मिटून ठेवलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? मास्तरांची अब्रू शाबूत, कंपनी खूश. फक्त पोरीची शेड जाणार होती.

सुट्टी संपली. कंपनीचे वकील उभे राहिले. अंगठ्याची सवय काय, ती सगळ्यांनाच असते, ते म्हणाले, माझीही बायको मला टेबलावर बोटं वाजवू नका म्हणते. खोलीत थोडं हसू उमटलं. सवय हाताची असते, पण प्रश्न डोक्याचा आहे. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"हाताची सवय बाजूला ठेवून सांगा. पेटंटाच्या आधीच्या काळात, तुमच्या धंद्यातल्या साधारण जाणकार माणसाला कड आत घेणं सहज सुचलं असतं. हो ना?"

मास्तरांनी पाणी मागितलं. ते आलं. प्यायले नाहीत. वकील हसतमुखानं थांबले होते. घड्याळाचा काटा अडखळत पुढे सरकला. टाचणी आता सरळ त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"नाही," मास्तर म्हणाले.

वकिलांना वाटलं, त्यांना प्रश्न नीट कळला नाही. त्यांनी तो पुन्हा विचारला.

"प्रश्न कळला मला. नाही सुचलं असतं. माझ्या हातात तयार शिवण दिली होती या मुलीनं, आणि मी ती कचऱ्यात टाकली." मास्तरांचा खणखणीत आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. ते अडखळत, पण थांबता न येणाऱ्या माणसासारखे बोलत राहिले. लाल डबा, चाचणीच्या पट्ट्या, हात धू, सगळ्यांचं हसणं. काही गाळलं नाही. "तुम्ही साधारण जाणकार माणूस म्हणता ना, तो मीच आहे. सगळं वाचलेला, सगळं येणारा. आणि मी तिला कडेला हात लावू नको म्हणून शिकवत होतो. आता बघितल्यावर सोपं वाटतं. मलाही वाटलं. म्हणून तर मी ते लिहून दिलं."

कंपनीच्या वकिलांनी, हा साक्षीदार आपल्या आधीच्या जबाबापासून फिरतो आहे, असं नोंदवायला लावलं. अधिकारी म्हणाले, नोंदवतो, आणि त्यांनी जे सांगितलं तेही नोंदवतो. ते बराच वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी वकिलांना विचारलं की उघड गोष्ट होती असं सांगणारा तुमच्याकडे आणखी कुणी आहे का. वकिलांनी कागद चाळले. नाही, ते म्हणाले. निकाल नंतर लेखी कळेल, पण पेटंट रद्द करण्याजोगं माझ्यासमोर काही उरलेलं मला तरी दिसत नाही, एवढं बोलून अधिकारी उठले.

परत न्यायला गाडी नव्हती. मास्तरांनी ते अपेक्षिलंच होतं. ते जिन्याच्या पायऱ्या उतरत होते तेव्हा मागून टाचणीची पावलं वाजली. दोघं बरोबरीनं उतरू लागले.

"ती कड मुद्दाम मुडपून दिलीस?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. पिशवीत भरताना मुडपली गेली. वकीलबाई सरळ करायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, राहू दे."

"मी सरळ करणार, हे ठाऊक होतं तुला."

"ठाऊक कसलं, मास्तर." ती जिन्यात थांबली. हात तिनं बाहीत ओढून घेतले. "तुम्ही कड तशीच राहू दिली असतीत तर शिवण धरली असती. सगळ्यांसमोर. मग मी संपलेच होते. बाई मला वेडी म्हणाल्या."

मास्तरांनी पुन्हा आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तिनं आपलं सगळं, शेड, मशीन, पुढचं आयुष्य, त्यांच्या अंगठ्यावर लावलं होतं. ज्या माणसानं तिच्याविरुद्ध शपथ घेतली होती त्याच्या अंगठ्यावर.

"आणि लाल डब्याचं? ते का नाही लिहिलंस?"

"तुम्ही म्हणाला असतात, असं काही झालंच नाही," टाचणी म्हणाली. "केस हरले असते ते चाललं असतं एक वेळ. ते ऐकायचं नव्हतं मला."

मास्तर म्हणाले की काकू तुझी आठवण काढते. मग दोघं उरलेला जिना उतरले, आणि फाटकापाशी ती एका दिशेला गेली, ते दुसऱ्या.

घरी वहिनी त्यांची वाटच बघत होत्या. त्या गेल्यावर मास्तरांनी हात धुतले, बायकोच्या चड्डीची दोन्ही बाजूंची शिवण उघडली, ओली चड्डी अलगद खालून काढून घेतली आणि नवी पाठीखाली सरकवली. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मास्तरांनी नवी चड्डी पुढे ओढून घेतली. मागच्या भागाची कड आत मुडपलेली होती, असायला हवी तशी. त्यांचा अंगठा तिच्यापाशी गेला, आणि तिथेच थांबला.

"टाचणीची आहे ही शिवण," ते म्हणाले, आणि पुढची कड तिच्यावर ठेवून तळव्यानं दाबली.